मालक कोण? : माहिती तंत्रज्ञानातील कंत्राटी कामाविषयी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी संध्याकाळचा विद्यार्थी. दिवसा पिंपरीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या, तेव्हाच्या भाषेत ईडीपी, विभागात कोबोलचे प्रोग्रॅम लिहायचो आणि साडेसहाला डीएलएलच्या, म्हणजे कामगार कायद्याच्या पदविकेच्या वर्गात येऊन बसायचो. कॉम्प्युटरवाल्याला कामगार कायदा कशाला, असं घरचेही विचारायचे. कारण फारसं उदात्त नव्हतं. ती पदविका मिळवली की कारखाना एक जादा इन्क्रिमेंट द्यायचा. पहिल्या दिवशी सर आले, हजेरी घेतली नाही, फळ्यावर दोन शब्द लिहिले : ‘मालक कोण?’ म्हणाले, ‘निम्मे खटले इथेच अडतात. पगार, रजा, बोनस हे नंतरचं. आधी मालक सापडायला हवा.’

आम्ही हसलो. आमच्या कारखान्याच्या गेटावर मालकाचं नाव माणसाच्या उंचीच्या अक्षरांत होतं. त्यात शोधायचं काय?

तीसेक वर्षांनी हाच प्रश्न एका मुलीने मला विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत मॅनेजर होतो. शुक्रवार होता. आमच्या टीममधली एक मुलगी त्या दिवशी ‘रिलीज’ होणार होती. राजीनामा नाही, बडतर्फी नाही, रिलीज. क्लायंटने कामाचा पुढचा टप्पा लांबवला, पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, संपला, विषय संपला. तीन वर्षं ती आमच्यात होती. बिलिंगच्या मॉड्यूलमधली कुठली ओळ का लिहिली आहे, हे फक्त तिला ठाऊक होतं. तरी तिच्या गळ्यातली पट्टी शेवटपर्यंत करडी राहिली. आमची निळी. करड्या पट्टीला वार्षिक सहलीचं बोलावणं नसे, दिवाळीचा डबा नसे. टाइमशीट मात्र दोन भराव्या लागत, एक आमच्या सिस्टीमवर आणि एक तिच्या व्हेंडरच्या. दुपारी बाराला कुणीतरी कुठेतरी एक बटण दाबलं आणि तिचं कार्ड बंद पडलं. खाली जेवायला गेलेली ती वर येऊ शकेना. मी जाऊन तिची व्हिजिटर म्हणून नोंद केली आणि वर आणलं. तीन वर्षं ज्या खुर्चीत बसली, तिथे शेवटचे चार तास ती पाहुणी होती. निघताना म्हणाली, ‘सर, माझं एक्स्पिरियन्स लेटर कोण देणार?’

मी व्हेंडरचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांनी मला दुसऱ्या व्हेंडरकडून घेतलंय. पगार तिसऱ्याच कंपनीच्या नावाने जमा होतो, आणि तीही गेल्या वर्षी बदलली. मग नेमकं कोण देणार?’

मला फळा आठवला.

आज जो विषय मला दिला आहे, ‘माहिती तंत्रज्ञानातील कंत्राटी काम : सद्यःस्थिती’, तो मी सरांच्या त्या दोन शब्दांवरून मांडणार आहे. आणि आधीच सांगतो, मी या विषयात त्रयस्थ नाही. या टेबलाच्या तिन्ही बाजूंना मी बसलो आहे. कंत्राटावर परदेशी गेलो, परत येऊन कंत्राटावर माणसं घेतली आणि सोडली, आणि निवृत्तीनंतर आता स्वतःच्या नावाने बिल पाठवतो. त्यामुळे आज ज्यांना बोल लावीन, त्यांत मीही आहे.

आयटीत कंत्राट नवीन आलं, असं आपण बोलतो. महाराष्ट्राला ते अजिबात नवीन नाही. गिरणगावात बदली कामगार होता. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या सांच्यावर जायचं, नाहीतर चाळीत परत. आत कुणाला घ्यायचं ते जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मर्जीवर. ती मर्जी आणि तिच्यामागची चिरीमिरी आटोक्यात आणायला मुंबईच्या गिरणीमालकांनीच १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. मराठवाड्यातल्या ऊसतोडीत मुकादम आहे. कारखाना त्याला ओळखतो, तो कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, ओळखतो आणि मधे उचलीची, म्हणजे आगाऊ दिलेली, रक्कम आहे. वातानुकूलित इमारतीत बसणाऱ्याने आपल्या हालांची तुलना ऊसतोड कामगाराशी करणं शोभणार नाही, आणि मी ती करत नाही. पण कागदाचा साचा तोच आहे. काम एकाचं, माणूस दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याच्या हातून.

पिंपरी-भोसरीत मी नोकरी करत होतो तेव्हा ‘ब्रेक’ हा शब्द रोज कानावर पडायचा. टेम्पररी पोराला सात महिने ठेवायचं आणि मग ब्रेक द्यायचा. कारण वर्षात २४० दिवस भरले की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याने त्याची सेवा सलग धरली जायची आणि मग त्याला असंच घरी पाठवता येत नसे. हाच ब्रेक पुढे मला अमेरिकेत भेटला, तोही मायक्रोसॉफ्टसारख्या ठिकाणी. तिथे वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ म्हणून ठेवलेल्या माणसांनी दावा लावला, आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वादातून नियम निघाला की एजन्सीच्या माणसाने वर्षभर काम करायचं आणि मग शंभर दिवस बाहेर राहायचं. भोसरीचा सुपरवायझर आणि मायक्रोसॉफ्टचा वकील एकमेकांना कधी भेटले नसतील. दोघांचा हिशेब मात्र एकच होता : माणूस हवा, त्याची सलग सेवा नको.

अमेरिकेत या धंद्याला मध्यस्थ का लागतो, त्याचीही एक गोष्ट आहे. १९८६ च्या तिथल्या करसुधारणा कायद्यात १७०६ नावाचं एक कलम आहे. इतर व्यवसायातल्या माणसाला ‘स्वतंत्र’ म्हणून कामावर ठेवलं तर कंपनीला काही ठरावीक संरक्षण मिळत असे. एजन्सीमार्फत दुसऱ्या कंपनीत काम करणारे प्रोग्रॅमर, इंजिनिअर, सिस्टीम अ‍ॅनालिस्ट यांच्या बाबतीत या कलमाने ते काढून घेतलं. उद्या कर खात्याने हा तुमचाच नोकर आहे असं म्हटलं तर काय, ही धास्ती बसली. मग सगळ्यांत सुरक्षित वाट उरली ती म्हणजे माणूस एजन्सीच्या पगारपत्रकावर असावा. एजन्सीचं पीक तिथे नुसतं बाजारामुळे आलेलं नाही, त्याला करकायद्याचं खतही मिळालेलं आहे.

त्याच पिकाच्या हंगामात, १९९७ साली, मी न्यू जर्सीत उतरलो. वायटूकेचे दिवस. वर्षाचे दोन आकडे साठवलेले जगभरचे प्रोग्रॅम २००० साल उजाडण्याआधी दुरुस्त करायचे होते आणि कोबोल येणारा माणूस सोन्याच्या भावाने जात होता. आम्हाला ज्याने नेलं, त्या एजन्सीचं एक ‘गेस्ट हाउस’ होतं. दोन खोल्या, सात माणसं, एक राइस कुकर, आणि भिंतीवर टेलिफोनशेजारी प्रत्येकाच्या नावाचा कागद. रोज सकाळी एजन्सीचा माणूस फोन करून सांगायचा, ‘तुझं मार्केटिंग चालू आहे.’ म्हणजे माझा रेझ्युमे कुठे कुठे फिरत होता. त्या रेझ्युमेत मी कधी न शिकलेल्या दोन गोष्टीही आल्या होत्या. प्रोजेक्ट मिळेपर्यंत आम्ही ‘बेंचवर’, आणि बेंचवर पगार नव्हता, भत्त्याचे थोडे डॉलर होते. पाच आठवडे मी त्या बेंचवर बसलो. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, अमेरिकेने कायदाच केला की एच-१बी व्हिसावर आणलेल्या माणसाला काम नसलं तरी मालकाने पगार द्यायचा. कायदा झाला, पण व्हिसाच मालकाच्या हातात असताना मालकाविरुद्ध तक्रार करणार कोण? आता तर २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. जे काम माणूस पाठवून व्हायचं, ते इथेच बसून करून घ्यायला आणखी एक कारण मिळालं.

आता इथल्या चित्राकडे येतो. या क्षेत्रात देशात ५० लाखांहून जास्त माणसं आहेत. त्यांतले नेमके किती कंत्राटी, हे सांगणं मुळातच अवघड, कारण मोजणार कुठे? ज्याच्याकडे काम करतात त्याच्या पटावर ते नसतात, ज्याच्या पटावर असतात तिथे ते बसत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात ते सापडतात, पण ‘कर्मचाऱ्यांवरील खर्च’ या रकान्यात नाही. उपकंत्राटदारांवरचा खर्च अशी वेगळी ओळ असते, त्यात. २०२१-२२ मध्ये माणसं भराभर नोकऱ्या सोडत होती तेव्हा ही ओळ फुगली, मागणी थंडावल्यावर पहिली कात्री तिलाच लागली. ती ओळ असते ती त्यासाठीच.

कंपनी असं का करते? मॅनेजर म्हणून माझं उत्तर सरळ आहे. मला माणूस दोन आठवड्यांत हवा असे. कायम नोकरीतल्या माणसाचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि तो नव्वदाव्या दिवशी येईल याची खात्री नाही, कारण मधल्या काळात त्याला आणखी दोन ऑफर आलेल्या असतात. ‘हेडकाउंट’ वाढवायला वरची मंजुरी लागे. व्हेंडरचा पीओ प्रोजेक्टच्या बजेटमधून निघे, त्याला माझी आणि माझ्या साहेबाची सही पुरे. म्हणजे खुर्ची विकत घ्यायला तीन सह्या लागत आणि माणूस भाड्याने घ्यायला दोन. मी दोनच्या वाटेने गेलो. तुम्हीही गेला असता.

आणि माणसं का येतात? सगळीच नाइलाजाने येत नाहीत. हातात पडणारी रक्कम बऱ्याचदा जास्त असते. बाळंतपणानंतर चार वर्षं घरी राहिलेल्या बाईला कायम नोकरीच्या मुलाखतीत त्या चार वर्षांचा जाब द्यावा लागतो. कंत्राटावर घेताना ‘इमिजिएट जॉइनर’ असणं हाच गुण ठरतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला कायम खुर्ची कुणी देत नाही, सहा महिन्यांचं काम मात्र आनंदाने देतात. काहींना तर हेच हवं असतं. वर्षातले आठ महिने काम आणि चार महिने गावाकडे आमराई. त्यांना आपण बिचारे म्हणायचं कारण नाही.

मग तक्रार कशाची? माझी तक्रार शब्दाची आहे. ‘कंत्राट’ या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळी माणसं कोंबतो. एक, जो खरोखर आपलं कौशल्य विकतो. आपला दर आपण ठरवतो, एका वेळी तीन ठिकाणी काम करतो, काम चुकलं तर पदरमोड करून दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक आवडलं नाही तर पुढच्या वेळी नाही म्हणतो. हा व्यावसायिक. दुसरा, ज्याला सकाळी साडेनऊला लॉगिन करावं लागतं, रजेसाठी मॅनेजरला विचारावं लागतं, दुसरीकडे काम करायची बंदी असते, दर माहीत नसतो, आणि तरी काम संपलं की ‘तुम्ही तर कंत्राटावर होता’ असं ऐकावं लागतं. याच्या वाट्याला शिस्त नोकरीची आणि जोखीम धंद्याची आली. आज नव्याने वाढतो आहे तो हाच दुसरा प्रकार. थर्ड पार्टी पेरोल म्हणा, सी-टू-एच म्हणा. सी-टू-एच म्हणजे आधी कंत्राट, पसंत पडलात तर कायम. त्यातला ‘तर’ किती महिन्यांचा, ते कुठल्याच कागदावर नसतं.

या दोघांत फरक कसा करायचा, याचा ब्रिटनने पंचवीस वर्षं खल केला. तिथे २००० साली आयआर-३५ नावाचे नियम आले. स्वतःची कंपनी काढून तिच्या नावाने काम करणारा कंत्राटदार खरा धंदेवाला की मुखवटा घातलेला नोकर, हे ठरवायचे. आधी तो निर्णय कंत्राटदारानेच घ्यायचा होता. २०१७ पासून सरकारी आणि एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातही, लहान कंपन्या वगळता, तो काम देणाऱ्याकडे गेला. त्यातल्या कसोट्यांपैकी एक मला फार आवडते. विचारतात, तुम्हाला जमलं नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवण्याचा हक्क आहे का? असेल तर तुम्ही व्यावसायिक, नसेल तर नोकर. म्हणजे ब्रिटनच्या कर खात्यात बदली पाठवता येणं ही स्वातंत्र्याची खूण, आणि आमच्या गिरणगावात बदली असणं ही लाचारीची. कुणाच्या इच्छेने बदली होते, सगळं त्यावर आहे.

मी तरुणांना यापेक्षा सोपे तीन प्रश्न देतो. तुमची वेळ कोण ठरवतं? तुमच्या कामाचा दर तुम्हाला माहीत आहे का? आणि दुसऱ्याचं काम घ्यायला तुम्ही मोकळे आहात का? तिन्हींची उत्तरं तुमच्या बाजूने असतील तर तुम्ही धंदेवाले आहात, धंदेवाल्यासारखे वागा. तिन्ही विरुद्ध असतील तर तुम्ही नोकर आहात, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

दुसऱ्याचं काम घेण्यावरून आठवलं. २०२२ साली ‘मूनलाइटिंग’चा केवढा गदारोळ झाला. एका वेळी दोन कंपन्यांचं काम करताना सापडले म्हणून विप्रोने ३०० जणांना काढलं. एका माणसाने दोन मालक केले की ती फसवणूक, हे मला मान्य आहे, कारण त्याने शब्द दिलेला असतो. पण एका माणसाला तीन मालक असतात, क्लायंट, व्हेंडर आणि सब-व्हेंडर, तेव्हा त्याला मात्र आपण पुरवठा साखळी म्हणतो.

आता थोडं कागदांकडे वळू, कारण सरांच्या नावाच्या व्याख्यानात कलमं नाहीत असं होऊ शकत नाही. बऱ्याच जणांना हल्ली ‘कन्सल्टंट’ म्हणून करारपत्र देतात आणि पगाराऐवजी फी, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून. पोरं खूश असतात. खुशीला कारण आहे. अनुमानित कराची तरतूद लागू झाली तर मिळकतीचा निम्मा भागच उत्पन्न म्हणून धरता येतो. पैसे जवळजवळ सगळे बँकेतूनच येत असतील तर ही सवलत ७५ लाखांपर्यंतच्या मिळकतीला आहे. पण त्याच सहीने तुम्ही भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा सोडलात, ग्रॅच्युइटी सोडलीत, भरपगारी रजा सोडलीत, आणि वर्षाची मिळकत २० लाखांच्या वर गेली की जीएसटीचं नोंदणीपत्र घेतलंत. हातात जास्त पडलं ते यातूनच पडलं. हा सौदा वाईटच असतो असं नाही. पण तो सौदा आहे हे कळून करावा.

आणि धंदेवाले व्हायचं ठरलंच, तर धंदेवाल्यांचे हक्क तरी घ्या. फार थोड्या फ्रीलान्सरांना ठाऊक असतं की उद्यम नोंदणी केली की ते कायद्याने सूक्ष्म उद्योग ठरतात. २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्यात आता मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा घेता येत नाही. ‘क्लायंटचे आले की तुमचे देऊ’ हे वाक्य तुमच्या करारात असेल, तर सहीच्या आधी हे सगळं शांतपणे बोलून दाखवा. भांडावं लागत नाही. समोरच्याच्या अकाउंट्स विभागाला हे पाठ असतं.

ज्यांना नोकरासारखं वागवलं जातं त्यांच्यासाठी कायदा काय म्हणतो? सरांच्या वेळी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हे त्यातलं मोलाचं तत्त्व. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही ते टिकलं आहे. मूळ उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी माणूस लावू नये, असंही नव्या संहितेत आहे. पण त्याला अपवाद इतके की ते काम एरवी कंत्राटदारामार्फत होत असलं तरी चालतं आणि कामाचा भार अचानक वाढला तरी चालतं. आयटीत काम अचानक न वाढलेला महिना मी पाहिलेला नाही. एक चांगली गोष्ट अशी की ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत आता पाच वर्षं थांबायला नको, एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. व्हेंडरच्या तिन्ही पायऱ्या ओलांडून तो माणसापर्यंत पोहोचतो की नाही, हे येत्या चार-पाच वर्षांत दिसेल.

आणखी एक गैरसमज. ‘आम्ही कसले कामगार, आमचा पगार बघा!’ असं मुलं मला सांगतात. औद्योगिक कायद्यातली कामगाराची व्याख्या कामाच्या स्वरूपावर आहे. कुशल, तांत्रिक काम करणारा तिच्यात येतो, पगाराची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्याला आहे. दिवसभर कोड लिहिणारा, हाताखाली कुणी नसलेला माणूस, लाखावर पगार घेत असला तरी, कामगार म्हणून न्यायालयात उभा राहू शकतो. अडसर कलमात कमी आणि आपल्या डोक्यात जास्त आहे. कॉलर पांढरी आहे, एवढ्यावरच आपण हक्क सोडून दिला.

तुम्ही म्हणाल, कायम नोकरीवाले तरी कुठे सुखी आहेत? खरं आहे. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस माणूस बिलेबल, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर, असावा आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नसावा. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. न्यू जर्सीच्या गेस्ट हाउसमध्ये मी जो बेंच मोजत होतो तो आता कायम पट्टीवाल्यांच्या गळ्यातही आला. वर आता एआय. जे काम पूर्वी पाच नव्या पोरांना देऊन एक अनुभवी माणूस तपासायचा, त्यातलं बरंच आता यंत्र करतं आणि अनुभवी माणूस तपासतो. तो अनुभवी माणूस तीन महिन्यांसाठी भाड्याने मिळतो. पण पाच पोरांतूनच तर पुढचा अनुभवी तयार होत होता. भाड्याने घ्यायला उद्या माणूस कुठून आणणार, हा प्रश्न कुठल्याही पीओमध्ये नसतो.

मग करायचं काय? सगळ्यांना कायम करा, असं सांगायला मी आलेलो नाही. ते होणार नाही, आणि हवंच आहे असंही नाही. काम फिरतं राहणार. प्रश्न असा की फंड, विमा, रजा आणि अनुभवाची नोंद या गोष्टी मालकापाशी अडकून का राहाव्यात? त्या माणसाबरोबर का फिरू नयेत? परदेशात यावर सध्या मोठमोठ्या परिषदा होतात. मला उत्तर मिळालं ते पुण्यातच, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात.

तिथला हमाल कुणाचा नोकर? सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर, संध्याकाळी ट्रक रिकामा करायला तिसरीकडे. मालक बदलण्याच्या बाबतीत तो आमच्या कुठल्याही फ्रीलान्सरला मागे टाकेल. तरी त्याला फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे, बोनस आहे. कारण मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्यात सरांच्या प्रश्नाला बगल देणारी एक हुशारी आहे. मालक कोण हे शोधत बसायचं नाही. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचं एक मंडळ असतं. हमालाची नोंदणी मंडळाकडे, काम देणाऱ्याचीही मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती हमालाच्या खात्यावर चढवायची. पुढे १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही याच धर्तीवर कायदा झाला. मंडळांत दोष आहेत, खोट्या माथाडींच्या नावाने खंडणी उकळणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण साचा चोख आहे.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम यार्डात गेलो. कांद्याच्या गोण्या उतरवून चहा पीत बसलेल्या एका साठीच्या हमालाला विचारलं, ‘तुमचा मालक कोण?’ तो माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनेच बघायला लागला. म्हणाला, ‘कुठल्या वेळचा? आत्ताचा की मगाचा?’ मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र काढून बोट ठेवलं. ‘ह्यो माझा नंबर. मालक बदलतो, ह्यो नाय बदलत.’

मित्रहो, दोन पदव्या घेतलेल्या त्या मुलीकडे असा नंबर नव्हता. भविष्यनिर्वाह निधीचा नंबर हल्ली माणसाबरोबर फिरतो, तेवढी सुरुवात झाली आहे. पण ‘कन्सल्टंट’ झालं की तीही वाट बंद. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या पहिल्यांदा आली आणि ॲपवरून काम देणाऱ्या मंचांकडून उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा घ्यायची तरतूदही आली. सध्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत ते टॅक्सीवाले आणि जेवण पोहोचवणारे, आणि त्यांचा हक्क पहिला, हे बरोबरच आहे. पण कंत्राटी प्रोग्रॅमरच्या प्रत्येक बिलावर थोडी लेव्ही, ती त्याच्या कायमच्या क्रमांकावर, आणि त्याच क्रमांकापुढे कुठे, काय, किती महिने काम केलं याची नोंद, एवढं करायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. जगभरच्या बँकांचे हिशेब आपण हिंजवडीत बसून लिहितो. आपल्याच माणसांचा एक तक्ता आपल्याला जड जाऊ नये.

प्रोग्रॅमरांसाठी असं मंडळ व्हायला वेळ लागेल. ज्यासाठी कुणाची वाट पाहायला नको, असं एक काम सांगून थांबतो.

त्या शुक्रवारी मी त्या मुलीला माझ्या नावाने, साध्या कागदावर, एक पत्र लिहून दिलं. कंपनीच्या लेटरहेडवर द्यायला एचआरने नकार दिला, कारण ‘ती आपली नाही.’ पुढच्या नोकरीच्या पडताळणीत ते पत्र चाललं नाही, असं तिने नंतर कळवलं. तीन वर्षांच्या जागी तिच्या नावावर चौदा महिने लागले, शेवटच्या पेरोल कंपनीचे. तेव्हा मला राग आला तो एचआरचा. नंतर कपाटात तिचा जुना पीओ सापडला. दर होता, तास होते, गोपनीयतेची दोन पानं होती. जाताना माणसाला कामाचं पत्र कुणी द्यायचं, याची ओळ नव्हती. खाली सही माझी होती.

या सभागृहात बरेच मॅनेजर बसले आहेत, काही माझ्या हाताखाली शिकलेले. उद्या सोमवार आहे, पीओ सहीला येतील. काम करून घेणारी कंपनी तारखांसह कामाचं पत्र देईल, एवढी एक ओळ त्यात घालायला सांगा. व्हेंडर कुरकुर करेल, तुमचं लीगल दोन मेल पाठवेल. ओळ येईपर्यंत सही थांबवून ठेवा.